१६० फुटांतून ५०० फुटांत: वरळीच्या बीडीडी चाळी

(दृश्य: सकाळ, चाळीचा पॅसेज, पाण्याचा आवाज)

हा पॅसेज बघा. सकाळचे आठ वाजलेत तरी ट्यूबलाइट चालू आहे, कारण दोन्ही बाजूंना रूमच आहेत, दहा इकडे दहा तिकडे, आणि उजेड आला तर टोकाकडून येतो. एका मजल्यावर २० रूम, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ८० संसार. एक रूम १६० चौरस फुटांची. तेवढ्यातच मोरी, ओटा, देव्हारा, कपाट, पोरांचा अभ्यास, आणि रात्री जे आत मावत नाहीत त्यांची अंथरुणं इथे पॅसेजमध्ये पडतात. संडास कॉमन. इथली माणसं याबद्दल तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत, तीन-तीन पिढ्या अशाच गेल्यात.

(दृश्य: जुने फोटो, गिरण्या, चाळींचं बांधकाम)

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती सगळे विसरतात. ही चाळ कुणा शेठची नाही, ही सरकारने बांधली. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं, त्याचंच हे बीडीडी. गिरणी कामगार दाटीवाटीत राहत होते, रोगराई होती, म्हणून ठरलं की सरकारने ५० हजार खोल्या बांधायच्या. पैसा कुठून आणला? कर्ज उभारलं, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर लावला. म्हणजे ज्या कापसाचं सूत हे कामगार काढायचे त्याच कापसावरच्या करातून त्यांच्यासाठी भिंती उभ्या राहिल्या. ५० हजार काही झाल्या नाहीत. २०७ चाळी झाल्या, वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. खोल्या धरल्या तर साडेसोळा हजारांच्या आसपास.

याच खात्याने बॅकबेला समुद्रात भराव टाकायचं कामही काढलं होतं, त्यातला गैरकारभार वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, ती वेगळीच मोठी गोष्ट आहे. आणि चाळींचंही सुरुवातीला सोपं नव्हतं, भाडं परवडेना, गिरण्या लांब, कित्येक रूम रिकाम्याच पडून होत्या. सत्याग्रहाच्या काळात इथे तुरुंगही होता. मग हळूहळू कोकणातून, घाटावरून माणसं आली, भाऊ आला की मागून पुतण्या आला, आणि वरळी भरली.

(दृश्य: जांबोरी मैदान, क्रिकेट खेळणारी पोरं, निळे झेंडे, गणपतीचा मांडव)

हे जांबोरी मैदान. सभा, सामने, गणपती, जयंती, सगळं इथेच. जानेवारी १९७४ ची दंगल याच चाळींनी पाहिली, दलित पँथरचे दिवस होते ते. १९८२ चा गिरणी संपही पाहिला. त्यानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी आजूबाजूला काचेचे टॉवर आले, आणि चाळीतल्या माणसाला खिडकीतून रोज दिसायचं की आपल्या बाजूच्या जमिनीचा भाव काय झालाय.

(दृश्य: क्रेन, पाया, टॉवरचं काम)

म्हणून पुनर्विकास कोण करणार हा प्रश्न इतका महत्त्वाचा होता. तो म्हाडाकडे, म्हणजे सरकारच्याच घरबांधणी मंडळाकडे आला, आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, पण नुसतं भूमिपूजन झालं, काम अडकलं. लोकांचं म्हणणं साधं होतं, आधी कागद द्या मग रूम खाली करतो. १ ऑगस्ट २०२१ ला वरळीत पुन्हा शुभारंभ झाला. मग पात्रता, करारनामे, आणि कुठल्या मजल्यावर कुठला फ्लॅट हे चाळ सोडायच्या आधीच लॉटरी काढून ठरलं. ज्यांना ट्रान्झिट, म्हणजे मधल्या काळातलं तात्पुरतं घर नको त्यांना महिना २५ हजार भाडं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १५,५९३ गाळेधारक, त्यातले ९,६८९ एकट्या वरळीत, प्रत्येकाला ५०० चौरस फूट कार्पेट, मालकी हक्काने, एक पैसा न घेता. खर्च निघणार तो याच जमिनीवर म्हाडा जे जादा फ्लॅट बांधून विकेल त्यातून. जमीन लोकांची, म्हणजे सरकारची, आणि तिचा फायदा आधी तिथे राहणाऱ्याला, हे मुंबईत किती वेळा झालंय सांगा?

(दृश्य: चाव्यांचा कार्यक्रम, लिफ्ट, रिकामा हॉल)

१४ ऑगस्ट २०२५. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या. ४० मजली इमारत. आता इथे मी थोडा वेळ काही बोलत नाही.

(दृश्य: आजी दाराच्या चौकटीला हळद-कुंकू लावतात, मग आतला संडास-बाथरूम उघडून बघतात, दार लावतात, परत उघडतात)

अजून हजारो कुटुंबं रांगेत आहेत, मेंटेनन्सचं पुढे कसं झेपेल हा प्रश्न आहे, आणि शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या म्हणजे केंद्राच्या जमिनीवर असल्यामुळे मागेच राहिल्यात.

(दृश्य: टॉवरच्या खिडकीतून खाली)

आजी खिडकीतून खाली त्यांची चाळ शोधतायत. वरून सगळी कौलं, पत्रे, टाक्या सारख्याच दिसतात. नातू बोट दाखवतो, ती बघ, पिंपळाच्या बाजूची. सापडली.