निफाडच्या कोंबड्याची पहिली स्पर्धा

(दृश्य: हेअर ड्रायर, ओली पिसं, एकदम जवळून)

हे जे भिजलेल्या पायपुसण्यासारखं दिसतंय ना, ते कोंबड्याचं कातडं आहे, पिसांसकट. टॅक्सिडर्मी म्हणतात ह्याला, मेलेला प्राणी जिवंत वाटेल असा पुन्हा उभा करायचा. आतलं मांस, चरबी सगळं काढलंय, भांडी घासायच्या लिक्विडने तीन-चार पाण्यात धुतलंय आणि आता ड्रायर. बघत राहा. आधी मानेवरची केशरी पिसं सुटी होतात, ती बारीक असतात म्हणून, मग पाठ, मग पोटाजवळचा मऊ कापूस फुलतो, शेपटीची मोठी काळी-हिरवी पिसं सगळ्यात शेवटी. इथे थोडा वेळ काहीच बोलत नाही, आवाज फक्त ड्रायरचा.

(दृश्य: सातपूर, शिफ्ट सुटतानाची गर्दी)

ड्रायर धरणारा आपला गडी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिटर आहे. नाव नका सांगू म्हणाला, कारण घरात फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी मेलेला कोंबडा का ठेवलाय हे शेजारच्या काकूंना काय सांगायचं ते त्याच्या आईचं अजून ठरलेलं नाही. तर त्याला आपण गडीच म्हणू.

कोंबडा मामाचा, निफाड तालुक्यातला. थंडीत तिकडे पारा किती खाली जातो ते नाशिककरांना सांगायला नको, त्याच थंडीत एका पहाटे म्हातारा कोंबडा गेला. मामा म्हणाले, "पुरायचाच होता, तू नेतो तर ने, फक्त मामीला दाखवायला परत आणू नको बरं का."

आता कोंबडाच का, मोर का नाही, घुबड का नाही, हे सगळेच विचारतात. कारण सोपं आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. जंगली पक्षी रस्त्यात मरून पडलेला सापडला तरी तो सरकारचा, उचलून घरी आणला की तुम्ही अडकलात, आणि टॅक्सिडर्मीचा धंदा करायचा तर त्याच कायद्याखाली लायसन्स लागतं. कोंबडी पाळीव, म्हणून ती चालते. टॅक्सिडर्मी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अजून राजवाड्यातला पेंढा भरलेला वाघ येतो, बंदूक येते. तेही खोटं नाही, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीने विसाव्या शतकात संस्थानिकांचे आणि साहेबांचे कितीतरी वाघ-बिबटे असे तयार करून दिले, १९९९ ला ती बंद पडली. पण आपल्या गड्याने बंदूक कधी हातात धरलेली नाही, त्याच्या हातात व्हर्नियर असतो, बारीक मापं घ्यायचा.

(दृश्य: टेबल, व्हर्नियर, वहीत आकडे)

आणि खरंच व्हर्नियर. कातडं काढायच्या आधी तो सगळं मोजतो. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत किती, मान किती लांब, छातीचा घेर किती, मांडी कुठे जाड कुठे बारीक. कारण एकदा कातडं निघालं की ते ताणलं जातं, मग मूळ माप सांगणारं कुणी उरत नाही. फिटर माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच दिवशी तुऱ्याचा साचा घेतला. तुरा आणि गलोल, म्हणजे चोचीखाली लोंबते ती लाल कातडी, हे कोंबड्याचं सगळ्यात अवघड काम, कारण वाळले की आक्रसतात, काळे पडतात, मनुका होतो अक्षरशः. नवीन माणसाने शक्यतो असील जातीचा कोंबडा घ्यावा, त्याचा तुरा छोटा नि बसका असतो, गलोल जवळपास नसतेच, चुकायला जागा कमी. ह्याच्याकडे मात्र उभ्या दातेरी तुऱ्याचा गावरान. मग डेंटिस्ट लोक दाताचं माप घ्यायला वापरतात ते अल्जिनेट आणलं, डब्यात कालवलं, तुरा त्यात बुडवला, साचा घेतला आणि त्यात सिलिकॉन ओतलं. रंग आधी आतून, मग वरून, कारण खऱ्या तुऱ्यातून उन्हाची तिरीप आरपार जाते, नुसता वरून लाल रंग फासला की प्लॅस्टिक दिसतं.

(दृश्य: ग्लोव्ह्ज, मास्क, ब्लेड)

छातीच्या हाडावरून सरळ खाली एक चीर. पांढरी पावडर दिसतेय ती टाकणखार, सराफ बाजारात डाग द्यायला वापरतात तोच. ओल शोषतो, कातड्याला किडीपासून वाचवतो. कवटी ठेवायची, पंखांची आणि पायांची हाडं ठेवायची, बाकी सगळं बाहेर. शेपटीच्या मुळाशी हात अगदी हलका, जरा जास्त कापलं तर पिसं गळून हातात येतात. कातडं मोज्यासारखं उलटं होत डोक्यापर्यंत येतं आणि तिथे तुऱ्यामुळे अडतं, म्हणून मानेमागे वेगळी छोटी चीर घ्यावी लागते. हा शॉट आम्ही बराच कापलाय, जेवताना बघणारेही असतात.

आत पेंढा नाही. काथ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून, वहीतल्या मापाला लावत लावत नवीन धड केलं. भद्रकालीतून आणलेली जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, टोकाला कानशीने धार केलेली, तळपायातून वर सरकवत धडात घुसवली आणि आत वाकवून लॉक केली, दोन पाय, दोन पंख, एक मानेत. डोळे काचेचे. मग शिवण, आणि मग पिसं लावत बसणं, चिमट्याने एकेक. पंखाची मोठी उडायची पिसं दहा, ती एकावर एक कशी चढतात त्याचा क्रम ठरलेला असतो, एक जरी उलटं गेलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

(दृश्य: नांदूर मधमेश्वर, पहाट, बगळे)

इथे कोंबड्याचा काही संबंध नाही असं वाटेल. पण गडी निफाडला गेला की इकडे येतोच. नांदूर मधमेश्वर, राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, २०२० ला जाहीर झालेली. दुर्बीण लावून तो पक्षी किती जातींचे आलेत ते मोजत नाही, नुसते पाय बघतो. वजन कोणत्या पायावर आहे, बोटं चिखलात किती दाबली जातात, मान वळली की छाती कुठे जाते. मग मामाच्या अंगणात तासन्‌तास जिवंत कोंबड्यांसमोर. जिवंत पक्षी बघितल्याशिवाय मेलेला उभा करता येत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही कारण नाशिकमध्ये शिकवणारं कुणी त्याला सापडलंच नाही. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २००९ पासून टॅक्सिडर्मीचं सेंटर आहे, डॉ. संतोष गायकवाडांनी तिथे वाघ-सिंहांपासून पक्ष्यांपर्यंत काम केलंय, पण नोकरी सांभाळून बोरिवलीला रोज कोण जाणार. म्हणून मोबाईल, आणि रात्र.

मोबाईलवरच त्याला कळलं की अमेरिकेत १९८३ पासून टॅक्सिडर्मीची वर्ल्ड चॅम्पियनशिप भरते, नवख्यांचा गट वेगळा, आणि जज लोक टॉर्च घेऊन प्राण्याच्या नाकपुडीत नि कानात डोकावतात. तेव्हापासून हा रोज जेवण झालं की मोबाईलचा टॉर्च लावून कोंबड्याच्या नाकात बघतो. आई म्हणते, "सर्दी झालीय का त्याला?"

(दृश्य: पंचवटी एक्सप्रेस, मांडीवर खोका)

मुंबईला एका छोट्या स्पर्धेत नवख्यांच्या गटात नाव दिलं. खोका वर ठेवा हो, म्हणून पासवाले मागे लागले, ह्याने मांडीवरून हलवला नाही, कसाऱ्यानंतर एका आजोबांनी विचारलंच, मग झाकण उघडलं आणि पुढचं तुम्ही बघाच, अर्धा डबा गोळा झाला.

जजिंगच्या हॉलमध्ये कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे ते दाखवता येत नाही. बक्षीस नाही मिळालं, डाव्या डोळ्याच्या पापणीवर आणि बोटांच्या रंगावर रिमार्क आले, तुऱ्याचं कौतुक झालं.

(दृश्य: टेबलावर नवीन वही, पहिलं पान)

पुढचं काम बदकाचं चाललंय, पाळीव. सातपूर-सिडको भागात कुणाची रविवारी रिकामी असणारी खोली असेल, पाण्याचा नळ आणि एक मोठं टेबल असलेली, तर कमेंटमध्ये कळवा, चार-पाच जण शिकायला तयार आहेत. आणि घरी कोंबडी-बदक आजाराशिवाय मेलं तर लगेच पुरू नका, आधी एक मेसेज करा. मोर, पोपट, घारीचे फोटो मात्र पाठवू नका प्लीज, ते वन विभागाला कळवा.