सहा शिखरं आणि एक दोर

मघाशी माझी ओळख करून देताना ‘रेनियर सर केलेल्या’ असा उल्लेख झाला आणि टाळ्या पडल्या. ऑलिंपसचं नाव कुणी घेतलं नाही. साहजिक आहे. रेनियर ४,३९२ मीटर, ऑलिंपस जेमतेम २,४३०च्या आसपास. पण खरं सांगू? अमेरिकेतल्या ज्या सहा शिखरांबद्दल आज बोलणार आहे, त्यांत माझा सगळ्यात जास्त घाम काढला तो त्या बुटक्या ऑलिंपसनेच.

ही सहा शिखरं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातली. रेनियर, अ‍ॅडम्स, बेकर, ग्लेशियर पीक, सेंट हेलेन्स आणि ऑलिंपस. ऑलिंपस सोडला तर बाकी पाचही ज्वालामुखी. सिएटलमध्ये १९०६ साली सुरू झालेला ‘द माउंटेनियर्स’ हा क्लब यांना ‘सिक्स मेजर्स’ म्हणतो, आणि सहाही पूर्ण करणाऱ्याला एक बिल्ला देतो. नखाएवढा बिल्ला, पण त्यासाठी लोक वर्षानुवर्षं सुट्ट्या जपून ठेवतात.

ज्या उंचीवर हिमालयात आपण अजून देवदारांतून चालत असतो, त्या उंचीवर इथे पायाखाली हिमनदी असते. कारण पॅसिफिक महासागर. समुद्रावरून येणारं सगळं बाष्प या डोंगरांवर आदळतं. बेकरच्या शेजारच्या स्कीच्या उतारांवर १९९८-९९च्या मोसमात जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला. एका मोसमातला तो जागतिक विक्रम. एवढा बर्फ साठतो, दबतो, वाहू लागतो आणि वाहताना फाटतो. त्या फाटण्यातच सगळी गंमत आणि सगळा धोका.

बेकरवरचीच गोष्ट सांगते. कोलमन हिमनदीवरून आम्ही तिघं एकाच दोराला बांधून उतरत होतो. १८६८ साली ज्याने हे शिखर पहिल्यांदा गाठलं, त्या एडमंड कोलमनचंच नाव या हिमनदीला आहे. माथ्यावर आम्ही फोटो काढण्यात उगाच पाऊण तास घालवला होता, त्यामुळे भेगांच्या पट्ट्यात पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. पहाटे ज्या हिमपुलावरून, म्हणजे भेगेवर साचलेल्या बर्फाच्या पुलावरून, दगडावरून चालावं तसे गेलो होतो, तो आता भिजलेल्या साखरेसारखा झाला होता. माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली बुटाला काहीच लागेना. नुसती गार हवा. मागच्याने दोर ताणून धरला होता म्हणून मी तिथेच अडकून राहिले आणि पोटावर सरपटत बाहेर आले. भोकातून वाकून पाहिलं तर आधी पांढरं, मग निळं, मग काळं.

म्हणून या चढाया रात्री सुरू होतात. रेनियरवर कॅम्प म्युअरहून, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडं वरून, मध्यरात्रीच्या आसपास हेडटॉर्च लावून निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत परतीला लागता येतं. तरीही शाश्वती नाही. १९८१च्या जूनमध्ये इंग्रॅहम हिमनदीवर बर्फाचे कडे कोसळले आणि अकरा जण गाडले गेले. त्यांत चूक कुणाचीच नव्हती.

रेनियरचं मूळ नाव ताहोमा. १८७० साली हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रंप हे दोघं वर पोचले, तेव्हा त्यांचा स्थानिक वाटाड्या स्लुइस्किन बर्फाच्या हद्दीशीच थांबला होता. ‘जाऊ नका’ म्हणून त्याने विनवलंही होतं. वर पोचेपर्यंत अंधारलं. मग ज्वालामुखीच्या वाफेने बर्फात कोरलेल्या एका गुहेत दोघांनी रात्र काढली; एक अंग भाजतंय, दुसरं गोठतंय! माथ्यावर उभं राहून दात वाजत असताना मला त्या वाफेचा हेवा वाटला होता.

अ‍ॅडम्सबद्दल फार बोलत नाही. दक्षिणेची वाट लांब आहे, दमवते, एक खोटा माथा दाखवून चिडवते. भेगा मात्र जवळजवळ नाहीत. गंमत एवढीच की ३,७४३ मीटरवर १९३०च्या दशकात गंधकासाठी खोदकाम झालं होतं आणि सामान खेचरांवरून चढवलं होतं. आम्ही बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे काटे, लावून धापा टाकतोय आणि इथे खेचरं येऊन गेलेली!

ऑलिंपसचं दुखणं वेगळं. वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि होह नदीच्या काठाने, शेवाळाने लडबडलेल्या वर्षावनातून, अठ्ठावीस किलोमीटर चालल्यावर शेवटचा तळ येतो. पाठीवर दोर, हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा, तंबू, चार दिवसांचं खाणं. शेवटच्या टप्प्यात वाहून गेलेल्या उतारावर दोराच्या शिडीने खाली उतरायचं. तिथून पुढे ब्लू ग्लेशियर, आणि हिमनदी संपल्यावर वर खडकाचा सुळका. म्हणजे ओल्या बुटांनी जंगल तुडवा, मग बर्फ, मग कातळ. उंचीच्या आकड्यावर जाणाऱ्याने इथे जाऊच नये.

सेंट हेलेन्स याच्या अगदी उलट. १८ मे १९८० ला त्याचा स्फोट झाला, सत्तावन्न माणसं गेली, डोंगराची उंची चारशे मीटरने घटली. आज माथ्याकडे जाताना पायाखाली राख आणि खडक. दोराची गरजच नाही. पण कड्यावर पोटावर झोपून आत डोकावलं की विवरात एक हिमनदी दिसते. स्फोटानंतर, विवराच्या सावलीत साठत गेलेली. भोवतालच्या हिमनद्या आटत असताना ही मात्र वाढलेली, अंगावर राख माखलेली. मला ती सहा शिखरांवरच्या सगळ्या बर्फाहून जास्त आवडली.

ग्लेशियर पीक माझं अजून राहिलंय. त्यामुळे बिल्लाही नाही. २००३च्या पुरात तिकडचे रस्ते आणि पूल वाहून गेले होते, आधीच आडबाजूचं शिखर, ते आणखी लांब पडलं. मी दोनदा गेले, दोन्हीदा पावसाने परत फिरवलं.

बरं, भेगेत पडलेल्याला बाहेर कसं काढतात, असं चिठ्ठीवर कुणीतरी विचारलंय. तोंडी सांगून कळणार नाही. दोर आणलाय, तीस मीटरचा. तिघं जण पुढे या, आणि त्यातला वजनाने जड असेल त्याने जमिनीवर बसा.