नळी आखूड झाली की दारूचं गणित बदलतं

मंडळी, बंदुकीच्या दारूचा विषय निघाला की आपण तिची ताकद विचारतो. मला मात्र आज तिच्या वेळेबद्दल बोलायचंय. काडतुसातली दारू स्फोटकासारखी फुटत नाही, ती जळते. चुलीत पेंढा घातला तर भडका उडून विझतो, बाभळीचा ओंडका मात्र धीराने जळत राहतो. दारूतही असेच पेंढे आणि ओंडके असतात. आणि सगळा कारभार उरकायचा केवढ्या वेळात? 20 इंची नळीतून रायफलची गोळी बाहेर पडते साधारण एका मिलिसेकंदात.

जळण्याचा वेग रसायनाइतकाच दाण्याच्या आकारावरही ठरतो. अमेरिकेच्या थॉमस रॉडमनने तोफांच्या दारूला आरपार भोकं पाडली ती यासाठीच: भोक आतून जळत रुंदावतं, म्हणजे जळणारा पृष्ठभाग वाढतो. गोल दाण्याचं उलट, तो जळताना लहान होत जातो. म्हणून त्याच्यावर ज्वलन मंदावणारा लेप द्यावा लागतो.

हा फरक किती महागात पडतो ते अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलने दाखवलं. ती रायफल विकसित झाली ड्यूपाँट कंपनीच्या आयएमआर 4475 या नळीदार दाण्याच्या दारूवर. सैन्याने मागितला सेकंदाला सुमारे 990 मीटर वेग, तोही दाबाची मर्यादा न ओलांडता. त्या दारूला हे सातत्याने जमेना. मग 1964 मध्ये गोल दाण्याची डब्ल्यूसी 846 मंजूर झाली. वेग मिळाला, दाबही मर्यादेत राहिला. कागदावर सगळं ठीक!

पण ही रायफल पुढची गोळी भरते ती नळीतल्या छिद्रातून काढून घेतलेल्या वायूवर. नव्या दारूमुळे त्या वायूच्या छिद्रापाशी दाब जास्त भरू लागला, यंत्रणा ठरल्यापेक्षा वेगाने धावू लागली, आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूनळीत साचू लागला. त्यात साफसफाईचं साहित्य अपुरं, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, क्रोमियमचा मुलामा नाही. व्हिएतनाममध्ये रायफली अडकल्या, माणसं गेली. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने या निर्णयावर कडक ताशेरे ओढले. माझ्या मते दारू वाईट नव्हती. ती निवडताना लोकांनी फक्त नळीचं तोंड पाहिलं, मधली वाट पाहिलीच नाही.

त्याच रायफलची आखूड आवृत्ती, एक्सएम 177, आली तेव्हा अडचण आणखी उघडी पडली. नळी 10 इंच, दारू मात्र 20 इंचांसाठी बेतलेली. गोळी बाहेर पडली तरी वायूचा दाब अजून भरपूर! मग प्रचंड ज्वाळा आणि कानठळ्या. उपाय म्हणून तोंडाला सव्वाचार इंची आवाज-ज्वाळा शमक बसवला, पुढे नळीही साडेअकरा इंच केली. शमकाने मागे दाब धरला, त्यामुळे यंत्रणा नीट चालली, पण त्याच्या पोटात काजळीही साचू लागली.

सायलेन्सर लावून आखूड रायफल वापरणारे आणि घरी काडतुसं भरणारे अमेरिकी हौशी आज याच प्रश्नाशी झगडतात. सायलेन्सर फक्त तोंडाशी उरलेला वायू आवरतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळी हवेत जो कडाका करते तो त्याच्या हाताबाहेरचा. म्हणून .300 ब्लॅकआउटसारख्या काडतुसात जड गोळी सेकंदाला 340 मीटरच्या आतच सोडतात. त्याला दारू थोडीच लागते, तीही झटपट जळणारी. पण फारच चपळ दारू घेतली तर छिद्रापाशी पोचेपर्यंत दाब ओसरतो आणि रायफल पुढची गोळी भरतच नाही. शिवाय चिमूटभर दारूने काडतूस अर्धंही भरत नाही, म्हणजे चुकून दोनदा माप पडलं तरी डोळ्याला कळत नाही. जाणकार मंडळी फुगीर, जागा व्यापणारी दारू पसंत करतात ती यामुळे: दुसरं माप पडलं तर ती काठावरून सांडते. आणि जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात दोन दारू शेजारी आहेत म्हणून एकीचं माप दुसरीला कोणी लावत नाही. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर नाही.