उथळ पाण्यातला सेनापती: मिखिल द रॉयटर

नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातील व्लिसिंगेन बंदरात २४ मार्च १६०७ रोजी डच आरमाराचा सेनापती मिखिल द रॉयटर याचा जन्म झाला. घर गरिबीचे होते. दोर वळण्याच्या कारखान्यात काही काळ राबल्यावर वयाच्या ११व्या वर्षी तो जहाजावर चढला. पुढची तीन दशके बहुतेक व्यापारी जहाजांवर गेली. गाठीशी पैसा जमवून तो किनाऱ्यावर स्थिरावला, तोच १६५२ मध्ये इंग्लंडशी युद्ध पेटले आणि प्रांताने त्याला आरमारात बोलावून घेतले.

त्याची सर्वांत गाजलेली मोहीम जून १६६७ मधली. त्याच्या ताफ्यातील जहाजे इंग्लंडमधील मेडवे नदीत शिरली, गिलिंगहॅमजवळ पात्रात आडवी ताणलेली लोखंडी साखळी त्यांनी पार केली, नांगरून ठेवलेल्या इंग्रज युद्धनौका जाळल्या आणि ‘रॉयल चार्ल्स’ ही ध्वजनौका ओढून नेली. तिच्या पिछाडीवरचे राजचिन्ह आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. मात्र याच सेनापतीने १६६४-६५ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांकडून परत मिळवलेली ठाणी गुलामांच्या व्यापारात गुंतलेली होती, हे त्याचा गौरव करताना गाळून चालणार नाही.

त्याचे कौशल्य खरे कसाला लागले ते १६७३ मध्ये. आदल्या वर्षी फ्रान्स आणि इंग्लंड यांनी मिळून डच प्रजासत्ताकावर हल्ला केला होता. फ्रेंच फौजा उट्रेख्टपर्यंत पोहोचल्या होत्या आणि हॉलंड प्रांत वाचवण्यासाठी डचांनी स्वतःचीच शेतजमीन पाण्याखाली घातली होती. अशा वेळी समुद्राच्या बाजूने शत्रूचे सैन्य किनाऱ्यावर उतरले असते, तर प्रजासत्ताक टिकणे अवघड होते. द रॉयटरचा ताफा शत्रूच्या संयुक्त ताफ्यापेक्षा लहान होता, म्हणून त्याने शेल्ट नदीच्या मुखाबाहेर, वाळूच्या दांड्यांनी वेढलेल्या स्कोनेव्हेल्ड येथे नांगर टाकले. तिथल्या उथळ पाण्यात शत्रूला मोकळेपणाने जहाजे वळवता येत नव्हती, तर डच खलाशांना वाट माहीत होती. वारा अनुकूल होताच बाहेर पडायचे, प्रहार करायचा आणि पुन्हा आत परतायचे, या पद्धतीने तो ७ आणि १४ जूनला लढला. २१ ऑगस्टला टेक्सेलजवळच्या लढाईतही त्याने संयुक्त आरमाराला किनाऱ्यापासून दूर ठेवले. या लढायांत मोठ्या युद्धनौका फारशा बुडाल्या नाहीत, त्यामुळे त्या मेडवेइतक्या चित्तथरारक वाटत नाहीत. पण शत्रूचे सैन्य किनाऱ्यावर उतरू शकले नाही आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये इंग्लंडने तह केला. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा विजय.

पुढे फ्रान्सविरुद्ध स्पेनच्या मदतीसाठी त्याला अपुऱ्या ताफ्यानिशी सिसिली बेटाकडे धाडण्यात आले. फेब्रुवारी १६७६ मध्ये नेपल्स येथे, वल्ही मारण्याची शिक्षा भोगणाऱ्या हंगेरियन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांची सुटका त्याच्या प्रयत्नांमुळे झाली. २२ एप्रिलला सिसिलीतील ऑगस्टाजवळ फ्रेंचांशी लढताना तोफेच्या गोळ्याने त्याचे पाऊल उडवले, आणि २९ एप्रिलला सिराक्यूजच्या उपसागरात त्याचा मृत्यू झाला. १८ मार्च १६७७ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमच्या न्यूवे केर्क या चर्चमध्ये त्याचे सन्मानपूर्वक दफन झाले.