खेटून बसलेल्या पेशी आणि मधली फट

श्रोतेहो, सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या चित्रात पेशी ओळखणे म्हणजे पार्श्वभूमी पुसून टाकणे, अशी या विषयात नव्याने येणाऱ्यांची समजूत असते. हेमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने निळेजांभळे झालेले केंद्रक इतके ठसठशीत दिसते की ते संगणकालाही सहज सापडावे, आणि चित्र चांगले असेल तर सापडतेही. १९७९ साली संशोधक ओत्सू यांनी मांडलेली पद्धत करड्या छटांच्या वाटणीवरून उंबरठा, म्हणजे केंद्रक आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी छटा, स्वतःच ठरवते. खरी अडचण त्यानंतरची आहे, कारण ऊतीमध्ये पेशी एकमेकींना खेटून असतात.

समजा, प्रत्येकी १० पिक्सेल त्रिज्येची दोन गोल केंद्रके शेजारी आहेत. दोन्ही मिळून सुमारे ६२८ पिक्सेल भरतात. संगणकाने बाकी सारे अचूक ओळखले आणि मधल्या फटीतले १० पिक्सेल तेवढे चुकून केंद्रकात धरले, तर डाइस गुणांक, म्हणजे संगणकाचे उत्तर खऱ्या उत्तराशी किती जुळते याचे शून्य ते एक असे माप, ०.९९ येतो. प्रत्यक्षात मात्र दोन केंद्रकांचे एकच झालेले असते: दुपटीने मोठे, मध्येच आवळलेले, वेडेवाकडे. वाढलेले आणि आकार बिघडलेले केंद्रक ही तर कर्करोगाचे निदान करताना पाहिली जाणारी खूण. म्हणजे दहा पिक्सेलांच्या चुकीतून दोन निरोगी पेशींची एक संशयास्पद पेशी उभी राहते. म्हणून केवळ पिक्सेल मोजून समाधान मानू नये, पेशी मोजाव्यात, असे माझे ठाम म्हणणे आहे.

यावरचा जुना उपाय पाणलोटाचा. प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती आत आहे ते मोजायचे आणि ते अंतर खोली मानायचे, की प्रत्येक केंद्रकाच्या मध्यावर एक खड्डा तयार होतो. खड्ड्यांतून पाणी चढवत न्यायचे आणि दोन पाणी जिथे भेटतील तिथे बांध घालायचा. कल्पना फार सुंदर आहे, पण कड खडबडीत असली की एकाच केंद्रकात दोन-तीन खड्डे पडतात आणि धडधाकट पेशीचे तुकडे होतात.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या रॉनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स यांनी २०१५ साली यू-नेट हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, मांडले, तेव्हा त्यांनी नेमक्या या फटीलाच जास्त किंमत दिली. शिकवताना दोन पेशींमधल्या अरुंद पट्टीत झालेली चूक इतर ठिकाणच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग धरली, त्यामुळे नेटवर्कला तिथे लक्ष देणे भाग पडले. पुढे स्टारडिस्ट या प्रणालीने केंद्रकातल्या पिक्सेलपासून कडेपर्यंत किरण टाकून प्रत्येक केंद्रकाचा बहुकोन आखला, तर सेलपोज या दुसऱ्या प्रणालीने प्रत्येक पिक्सेलला आपल्या पेशीच्या मध्याकडे जाणारी दिशा शिकवली.

तरीही एक जागा उरते. ऊतीचा काप काही मायक्रोमीटर जाड असल्यामुळे केंद्रके एकावर एक पडतात आणि तिथली सीमा चित्रात उतरलेलीच नसते. अशा जागी दोन अनुभवी तज्ज्ञ दोन निरनिराळ्या रेषा काढतात. शिकवण्याच्या संचात त्या दोन्ही ठेवाव्यात. एकीला बरोबर ठरवून दुसरी पुसली, तर काचपट्टीवर नसलेली खात्री आपण संगणकाला शिकवतो.