डांतो: पावलं मुलखाची, कवनं कुळाची

मंडळी, पत्रिकेवर ‘सोमाली नृत्यं: प्रदेश आणि कुळं’ असा विषय छापलाय. त्याकडे येतो, पण आधी एक गाऱ्हाणं ऐकून घ्या.

पुण्यात शिकायला आलेल्या सोमाली मुलामुलींनी एका स्नेहसंमेलनात डांतो हा नाच बसवला होता. डांतो मूळचा ओगादेनचा. आज तो भाग इथिओपियात आहे. मुलखाचंही नाव ओगादेन आणि तिथल्या कुळाचंही. समोरासमोर ओळी उभ्या राहतात, एकजण कडवं टाकतो, बाकीचे उचलून धरतात, तालाला टाळ्या आणि पावलं. ही चाल उंटावरून घेतली असं सोमाली लोक सांगतात. नाचणाऱ्याची मान आणि खांदे बघितले की पटतं. आयोजकांना मात्र ते फिकं वाटलं. त्यांनी मागं ढोलांची ध्वनिफीत लावली आणि निवेदकानं पुकारलं, ‘आफ्रिकेतलं आदिवासी नृत्य!’ मुलांनी हसून चालवून घेतलं. मला ते आजही खुपतं. वारीतल्या फुगडीमागं कुणी बँड लावला तर तुम्ही गप्प बसाल का? (हशा) अहो, ज्याचं अख्खं घर उंटाच्या पाठीवर बांधून निघतं, तो माणूस मोठाले ढोल कुठं वाहत फिरणार? टाळी त्याच्यापाशी कायम असते. त्या टाळीतच सगळं माळरान आहे, आणि आपण नेमकी तीच बुडवली!

डांतोचं आणखी एक सांगायला हवं. सोमाली नेते सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांच्या अनुयायांनी, म्हणजे दरवेशांनी, १८९९ ते १९२० असा ब्रिटिशांशी लढा दिला. सय्यद स्वतः मोठे कवी. लढवय्यांना चेव यावा म्हणून दरवेशांनी डांतो जवळ केला, घोड्यावर बसूनसुद्धा तो म्हटला जाई. १९२० मध्ये ब्रिटिशांनी तलेह या दरवेशांच्या ठाण्यावर विमानांतून बाँब टाकले आणि चळवळ मोडली, डांतो टिकला. जाता जाता सांगतो, १८९८ पर्यंत ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता, तोही एडनमार्फत, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे हे लोक आपल्याला इतके परके नाहीत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बरं, मुख्य मुद्दा भरभर मांडतो.

माझं म्हणणं असं की सोमाली नाचाची पावलं मुलखातून येतात आणि कुळ कवनातून कळतं. दक्षिण सोमालियातलं, शबेल्ले नदीकाठचं अफगोये घ्या. शेतीचा मुलूख, एके काळी गेलेदी सुलतानांचा. तिथं नव्या वर्षाला इस्तुंका होतो: गाणी म्हणत, नाचत, दोन्ही काठांचे लोक काठ्या घेऊन एकमेकांना भिडतात. तुमचं घर कुठल्या काठावर, त्यावरून तुमची बाजू ठरते. उंटवाल्यांच्या माळावर असा खेळ कसा होणार?

आता बायकांचा बुरांबुर. लग्नात ढोलकं वाजतं, एकजण कवन म्हणते, दुसरी मध्ये येऊन नाचते. कवनात वधूवरांच्या घराण्यांची थोरवी येते. ती ऐकली की कुळ समजतं, नुसतं नाचणं बघून समजत नाही.

सोमालियाचे लष्करशहा सियाद बर्रे यांच्या राजवटीनं १९७१ मध्ये कुळवादाचे पुतळे जाळले, पुरले. कुळाचा उघड उच्चारही नको झाला. चीननं १९६७ मध्ये बांधून दिलेल्या मोगादिशूच्या राष्ट्रीय रंगमंदिरात वाबेरीसारखी पथकं सगळ्या देशाची म्हणून नाचली-गायली. त्यामागची एकोप्याची इच्छा मला समजते. १९९१ मध्ये ती राजवट कोसळल्यावर कुळांच्या नावानं किती रक्त सांडलं तेही ठाऊक आहे. तरीही मी म्हणेन, कवन वगळून नाच जपता येत नाही. पूर्वजांचं नाव घेणाऱ्या बाईनं कुणावर बंदूक रोखलेली नसते. लंडनच्या, मिनियापोलिसच्या लग्नांत आज बुरांबुर होतो तेव्हा तिथंच जन्मलेल्या मुली आपल्या घराण्याची नावं ऐकतात. कित्येकींनी तो मुलूख पाहिलेलाही नाही.

उत्तरेकडचं, बोरामा आणि झैला, राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत घेऊ.