पडलेला बोंडू

नमस्कार श्रोतेहो. मार्च महिना आहे, काजूचा वास सुटलाय, तेव्हा आज भट्टीवर जाऊ. दचकू नका, परवान्याची भट्टी आहे. सावंतवाडीहून दोडामार्ग, तिथून डिचोली आणि पुढे सत्तरी. तिथं एक कुटुंब तीन पिढ्या काजूची फेणी गाळतंय. (मोबाईलवरचा नकाशा सांगेल तो रस्ता कोकणात खरा धरू नये, हे माझं जुनं मत. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारावं. मी विचारलं नाही आणि एका चिरेखाणीत जाऊन पोचलो.)

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या बोंडूची, म्हणजे बी जिथं लटकते त्या रसाळ फळाची, फेणी मात्र आपल्या मातीतली. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा मान दिला. त्याआधी ती कागदोपत्री नुसती 'देशी दारू' होती.

तर मी पोचलो सकाळी सातला. घरची आजी, वय ऐंशीच्या पुढं, बागेत बोंडू गोळा करत होती. हातात काठी, काठीच्या टोकाला खिळा. पडलेला बोंडू टोचायचा आणि टोपलीत टाकायचा, कंबर वाकवायची गरज नाही. मला राहवलं नाही. फांद्या हाताशी, त्यावर लालबुंद, पिवळेधमक बोंडू. दहा मिनिटांत निम्मी टोपली भरली आणि ऐटीत आजीच्या टोपलीत ओतली.

आजीचं माहेर दोडामार्गाकडचं. ती ओरडली ती मालवणीतच. "अरे मेल्या, झाडावरचो कित्याक काढलंस? तेका आपणहून पडाक नको?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'मेल्या' म्हणणारं माणूस आता फार भेटत नाही. मी सॉरी म्हणालो. आजीनं टोपली पालथी केली, मांडी घातली आणि माझे बोंडू वेगळे काढायला बसली. देठाशी बोट फिरवायचं की बाजूला. बोट फिरवायचं की बाजूला. डोळे निम्मे मिटलेले. एकतीस निघाले. मी मनात मोजलेलेही एकतीसच होते.

मग त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. "खा." खाल्ला. घसा असा धरला की खोकलाही येईना. मग पडलेल्यातला एक दिला, मीठ लावून. रस कोपरापर्यंत ओघळला, आणि घसा गप्प. म्हणून सांगतो, फेणीसाठी बोंडू तोडायचा नाही, पडू द्यायचा. पुरता पिकून गोडवा भरला की तो आपणच पडतो, आणि त्या गोडव्याचीच पुढं दारू होते. तोडायचा नाही, पडू द्यायचा.

माझे एकतीस म्हशीपुढं गेले.

वेळ संपत आलाय, तेव्हा बाकीचं भरभर. बी पिळून वेगळी करतात, बोंडू दगडी कुंडात पायांनी तुडवतात. चोथ्याच्या ढिगावर वजन ठेवलं की निथळतो तो नीरो. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबतो, मग भाण्यात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढतो. पूर्वी ते मातीचं असे, आता तांब्याचं. पहिल्या धारेचा हुर्राक हलका, मोसम संपला की संपला. तो पुन्हा गाळला की फेणी, साधारण बेचाळीस टक्क्यांची. हुर्राकात लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची. त्यात काळं गोड पेय ओतणाऱ्यांशी माझं बोलणं नाही. आणि आपल्या सिंधुदुर्गात बी काढून झाली की बोंडू झाडाखाली कुजतात, त्याबद्दल तर मी कुणाशीच बोलत नाही.

निघताना आजीनं कागदाची पुडी हातात कोंबली. "तुझ्यो बियो. घराकडे जावन भाज."

आठवड्यानं भाजल्या. सौ.नं एकेक फोडली, निम्म्यांत गर भरलेलाच नव्हता. ती म्हणाली, "अहो, ह्या कच्च्या कुणी काढल्या?"

मी रेडिओचा आवाज वाढवला.